गोडधोडाचा हिशेब



आपल्या किनाऱ्यावर इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते मला ठाऊक आहे. कुलाब्याचा किल्ला, जंजिऱ्याचे तट, कान्होजी आंग्र्यांची गलबते. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर माझ्याहून अधिकारी माणसांनी या व्यासपीठावरून सांगून ठेवले आहे. मी शाळेच्या बाहेर शिकलेला, कामगार संघटनेत केस पांढरे केलेला माणूस. माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांपुढे झाले. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मला घरातल्या गोडधोडावर बोलायचे आहे." त्यांना प्रथम ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. समोर पाहा, भगिनींच्या बाजूच्या निम्म्या खुर्च्या मोकळ्या आहेत. व्याख्यानमाला वैशाखात भरते, आणि वैशाख म्हणजे आपल्याकडे आगोटीचे दिवस. पाऊस सुरू व्हायच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात पडली पाहिजे. मसाला कुटायचा, सुकी मासळी भरायची, फाटी रचायची, पांढऱ्या कांद्याच्या माळी आढ्याला टांगायच्या, पापड-कुरडया वाळवायच्या. ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे त्या बहुतेक जणी या क्षणी अंगणात पापडांची राखण करीत असतील. त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या कामाचा इतिहास सांगणे हे काही शोभेचे नाही. पण ती गैरहजेरी हाच माझा विषय आहे.

आपल्या किनाऱ्याचे गोड पदार्थ डोळ्यांसमोर आणा. मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नागपंचमीची खांडवी, गौरीचे घावन-घाटले, नारळी पौर्णिमेचा नारळीभात. ही सगळी नावे तीन जिनसांत सामावतात : तांदूळ, नारळ आणि गूळ. पैकी गूळ घाटावरचा, म्हणजे विकतचा. तांदूळ आणि नारळ इथले. खाजण बांधून समुद्राकडून सोडवून घेतलेल्या शेतात आणि वाडीत पिकणारे. गहू नाही, खवा नाही, तूप असले तर थोडे. घाटावरची पुरणपोळी आपण मागाहून शिकलो. म्हणजे आपल्या बायकांनी शेकडो वर्षे तीनच जिनसांची उलथापालथ करून वर्षाचे सगळे सण साजरे केले. दाणा तोच, कधी पिठी करून, कधी रवा काढून, कधी अख्खा शिजवून, कधी आंबवून. नारळ कधी खवलेला, कधी त्याचा रस काढलेला. याला मी कसब म्हणतो. मध्यमवर्गीय घरात यालाच 'आवड' म्हणतात आणि आवडीचे पैसे कोणी देत नाही.

नारळाचेच पाहा. खोबरे सारणात गेले, रस कालवणात गेला. करवंटीची डवली झाली, उरलेली करवंटी चुलीत गेली. सोडणाचे काथ्यासाठी तंतू निघाले, झावळीचे झाप विणले, हिरांचा खराटा बांधला. गृहोपयोगी युक्त्या म्हणून हल्ली सुंदर चित्रांसह जे छापले जाते, त्यातले बरेचसे आमच्या आज्यांच्या घरी युक्ती नव्हती, नाइलाज होता. उरलेल्या उकडीत मिरची-मीठ घालून निवगरी करतात. मोदकाबरोबर ती आपण मिटक्या मारीत खातो. ती कोणी पाककलेच्या स्पर्धेसाठी शोधून काढली नाही. मूठभर उकड टाकून देणे परवडत नव्हते म्हणून ती जन्माला आली.

आता पडद्यामागच्या कामाकडे वळू. तांदूळ हा आपण पोत्यातून येणारा पदार्थ समजतो. भात गिरणीत भरडून मिळू लागण्यापूर्वी तो घिरटावर भरडावा लागे, मग उखळात मुसळाने सडावा लागे, पाखडावा लागे. मोदकासाठी तोच तांदूळ धुवायचा, सावलीत फडक्यावर सुकवायचा आणि जात्यावर दळायचा. पाणी विहिरीचे, आणि खारेपाटात गोड्या पाण्याची विहीर दारात नसे, ती दुसऱ्या गावच्या वेशीवर असे. फाटी डोंगरातून. इतके सगळे झाल्यावर मग चूल पेटायची. भाताच्या गिरण्या गावोगाव निघाल्या तेव्हा स्त्रीच्या डोक्यावरचा केवढा भार उतरला! पण कुठल्या गावी गिरणी कधी आली याची नोंद आपण ठेवली नाही. एखाद्या संस्थानिकाच्या भेटीची तारीख मात्र आपल्याला पाठ असते.

आपल्या किनाऱ्यावर हे तीन जिनसांचे शास्त्र एकट्या हिंदू घरांचे नव्हते. बेने इस्राएल बांधवांना आपल्या गावांतून 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडायचा, म्हणून. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले, अशी त्यांची परंपरा सांगते. पेणकर, केहिमकर, नवगावकर, रोहेकर ही त्यांची आडनावे म्हणजे आपल्या जिल्ह्याचा नकाशाच. नवस फेडताना ते एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, सुका मेवा, सोबत फळे. यहुदी धर्मनियमाप्रमाणे मांसाबरोबर दूध चालत नाही. मग सणाच्या जेवणात गोड काय करावे? इथल्या यहुदी गृहिणीने नारळाचा रस पुढे केला. गव्हाचा चीक आणि नारळाचा रस आटवून केलेला त्यांचा हलवा मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. धर्मशास्त्राचा एक अवघड प्रश्न कोकणच्या एका झाडाने सोडवला आणि तो सोडवणारी व्यक्ती कोणी रब्बी नव्हती, चुलीपुढची बाई होती. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिकडेही मलिदा होतो असे ऐकून मला बरे वाटले. कोकणी मुसलमानांच्या घरची नारळाच्या रसातली सांदणे ज्यांनी खाल्ली असतील त्यांना मी निराळे काय सांगावे? इतिहासात आपण सिद्दी आणि आंग्रे यांच्या तोफा मोजतो. तोफांच्या दोन्ही बाजूंना खवणी एकच होती.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला, तिथे येतो.

माझी आजी, आईची आई, अलिबाग तालुक्यातली, चरीच्या आसपासच्या एका गावची. चरीचा संप आपणा सर्वांना माहीत आहे. खोतीच्या जुलमाविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ पासून पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन कसायची नाही असे ठरवले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी 'कृषीवल' पत्र निघाले. १९३९ पर्यंत हा संप चालला. जगाच्या इतिहासात शेतकऱ्यांचे इतके दीर्घ संप थोडेच सापडतील. पुढे १९४८ साली कुळकायदा आला, १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. हा सर्व भाग ग्रंथांतून आहे, आणि दर वर्षी २७ ऑक्टोबरला आम्ही त्याची आठवण काढतो. मी स्वतः त्या दिवशी अनेकदा भाषणे केली आहेत.

पण त्या भाषणांत मी एक साधा प्रश्न कधी विचारला नव्हता. पाच-सहा वर्षे शेत पडीक, तर घरात शिजत काय होते? ज्यांच्या जेवणातली भाकरी तांदळाची, पेज तांदळाची, सणाचे गोड तांदळाचे, त्यांनी तांदूळच पिकवायचा नाही असे ठरवले, याचा चुलीपुढे अर्थ काय झाला?

आजी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली, अठरा-एकोणीस वर्षांची. ती सांगे, पहाटे डोंगरात जायचे, फाटी तोडायची, मोळी डोक्यावर घेऊन बाजारात विकायची आणि त्या पैशांचे तांदूळ घेऊन दिवेलागणीला घरी यायचे. खाडीत चिंबोऱ्या, निवट्या, जे मिळेल ते. पुरुषांच्या सभा असत, पंच असत, फूट पडू नये म्हणून जागरणे असत. त्याही गोष्टी आवश्यकच होत्या, मी त्या कमी लेखत नाही. परंतु संप म्हणजे पुरुषाच्या हाताला विश्रांती आणि बाईच्या हाताला दुप्पट काम, असा आजीचा एकूण अभिप्राय होता. तिने तो तक्रार म्हणून सांगितला नाही. पाऊस पडतो असे सांगावे तसे सांगितले.

"मग गणपतीला काय करायचात?" मी एकदा विचारले. ती म्हणाली, "मोदक." मला नवल वाटले. ती म्हणाली, "देवाला पाच. पोरांना निवगरी. आमाला कन्यांची पेज, तीत गुलाचा खडा." तांदूळ विकतचा असल्याने पिठी मोजून. नारळाचे म्हणाल तर नारळ झाडावर दिसत होता, पण झाड आपले नव्हते. तो एक नारळ आणण्यासाठी तिने एक मोळी जादा आणलेली असे. सहा गणपती असे गेले. एकाही वर्षी पाचाचे चार झाले नाहीत, हे सांगताना मात्र तिचा आवाज बदलत असे.

श्रोतेहो, संप टिकतो कशावर? आम्ही संघटनेची माणसे म्हणतो : एकजुटीवर, पुढाऱ्याच्या नीतिधैर्यावर, निधीवर. पुष्कळ संप मी पाहिले. पाचव्या आठवड्यात माणूस ढासळतो, तो फाटकापुढे नव्हे. घरी, पोर ताटाकडे पाहून गप्प बसले म्हणजे. पाच मोदकांनी खोतीचा कायदा झाला असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण सण पाळला गेला त्या घराने आपण हरलो असे मानले नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो.

दुसरा संप माझ्या डोळ्यांदेखतचा. माझे वडील मुंबईला कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि पुष्कळ जण पुन्हा कधी कामावर घेतले गेले नाहीत. वडील गावी परतले. मी तेव्हा बारा वर्षांचा. तोपर्यंत त्यांचे जेवण गिरणगावातल्या एका खानावळवाल्या बाईकडे असे. आमच्यासारख्यांच्या बापांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या अशा हजारो बाया त्या चाळींतून होत्या. गिरणगाव त्यांच्या तव्यावर उभे होते, पण कामगारांच्या गणतीत त्या नव्हत्या. प्रेमाताई पुरव या कामगार चळवळीतल्या कार्यकर्तीने १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. तसेच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. तेच आजचे लिज्जत. लाटणारीच मालकीण, नफा लाटणाऱ्यांत वाटायचा, ही त्यातली मोलाची गोष्ट. जाहिरातीतला ससा सर्वांना आठवतो, हा नियम आठवत नाही.

वडील घरी बसले त्या दिवसापासून माझी आई पापड लाटू लागली. पेणचे पोहे-पापड प्रसिद्ध आहेत, हे मी तुम्हांला सांगायला नको. पण तिचे लिज्जतसारखे नव्हते. व्यापाऱ्याकडून पीठ आणायचे, मळायचे, कुटायचे, लाट्या पाडायच्या, लाटायचे, वाळवायचे आणि वजन करून परत द्यायचे. मजुरी किलोमागे. ओला पापड जड आणि वाळलेला हलका. वजन होई ते वाळल्यावर. ढग आले की मजुरी गेली. पोळपाट आमचा, लाटणे आमचे, अंगण आमचे, दिव्याचे तेल आमचे. कारखानदाराला यंत्र घ्यावे लागते, शेड बांधावी लागते, वीज भरावी लागते. इथे घर हीच शेड, आणि ती सारवून स्वच्छ ठेवण्याचे कामही मजुराचेच. मी ज्या पुस्तकांवर दहावी झालो ती पुस्तके या पापडांची.

आणि तरी, सभ्य गृहस्थहो, काय झाले ते ऐका. पुढे मी संघटनेत आलो. कारखान्यांतून पगारवाढीचे करार करू लागलो. १९९८ च्या सुमाराची गोष्ट. पेण तालुक्यात आमची एक सभा होती. सभा संपल्यावर एक वयस्क बाई पुढे आल्या. आईच्या ओळखीतल्या, पापडवाल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमचा किलोचा दर कधी वाढवनार?" मी घाईत होतो. म्हणालो, "मावशी, तुमचे मस्टर नाही, तुमची नोंद नाही, मालक कोण ते कागदावर नाही. मी मागणी कोणापुढे टाकू?" त्या हसल्या. "मस्टर नाय म्हंजे काम नाय, असा हाय व्हय?" आणि गेल्या.

मी पापडाच्या पैशांवर शिकलेला माणूस, आणि मीच त्यांना व्यापाऱ्याच्या तोंडचे उत्तर दिले. कायदा मला माहीत नव्हता असे नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कामगार मानले होते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला होता, त्याला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. हे सगळे माझ्या पिशवीत होते. डोक्यात आले नाही, कारण लाटणे हे हत्यार आहे असे मी कधी मानलेच नव्हते.

हत्यार म्हणून ते याआधी निघाले होते, हेही मी विसरलो होतो. १९७२-७३ च्या दुष्काळात मुंबईत महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. साखर, तेल, रॉकेल, धान्य रास्त भावाने मिळावे म्हणून लाटणे मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. सणाला साखर मिळत नाही ही गोष्ट राजकारणाची आहे हे त्या बायकांनी मंत्र्यांना पटवले.

आता महागाईचाच विषय निघाला म्हणून थोडे शास्त्र सांगतो. कामगाराचा महागाई भत्ता निर्देशांकावर ठरतो. निर्देशांक काढण्यासाठी कामगार कुटुंब काय खाते, काय वापरते याची पाहणी करावी लागते. मुंबईच्या लेबर ऑफिसने अशी पाहणी १९२१-२२ साली केली, तिचा अहवाल १९२३ साली निघाला. १९६३ साली मुंबईच्या निर्देशांकात खोट असल्याची ओरड झाली आणि लकडावाला समिती नेमावी लागली. सध्याच्या मालिकेचे पायाभूत वर्ष २०१६ आहे. तीत खाद्यपेयांचा भार सुमारे ३९ टक्के, आधीच्या २००१ च्या मालिकेत तो ४६.२ होता. या आकड्यांसाठी आम्ही जिवाचे रान करतो, आणि केलेच पाहिजे. गूळ दोन रुपयांनी चढला तर तो निर्देशांकात दिसतो. परंतु रॉकेल मिळत नाही म्हणून बाई फाट्यांना गेली, गिरणी बंद म्हणून तिने जाते ओढले, तर त्या तासांचा भाव कुठल्याच रकान्यात चढत नाही. महागाईचा पहिला हप्ता तिच्या अंगातून वसूल होतो.

त्या मावशींच्या प्रश्नाने मी बराच काळ अस्वस्थ होतो. शेवटी एका गणेश चतुर्थीला मी घड्याळ आणि वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. कारखान्यात वेळेचा अभ्यास करायला इंजिनियर येतात, तसा. घरातल्या मंडळींनी माझी यथेच्छ टिंगल केली. पत्नी आणि धाकटी भावजय अशा दोघी कामाला. मोदक एक्कावन्न. पिठी गिरणीची, गॅस शेगडी, पाणी नळाचे. म्हणजे सर्व आधुनिक सोयी. चार नारळ सोलून फोडायला पंधरा मिनिटे. खवायला पस्तीस. सारण शिजवायला तीस. उकड काढून मळायला वीस. पाऱ्या करून, सारण भरून, पाकळ्या काढून मोदक मिटायला दोघींना एक-एक तास, म्हणजे एकशेवीस मिनिटे. भांडी आणि ओटा चाळीस. मोदकपात्र उकळत होते त्या वेळात आमटीभात चालला होता, तो मी धरला नाही. एकूण चार तास वीस मिनिटे. जेवणाची पंगत वीस मिनिटांत उठली.

मीही तीन मोदक वळले. तिन्ही फुटले. वहीत त्यांची नोंद 'खराब माल' या सदराखाली आहे.

त्या पडझडीतून मला एक गोष्ट कळली. किमान वेतनाच्या याद्यांत आम्ही कामगारांचे अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग पाडतो. उकड कोमट असतानाच मळली पाहिजे, गार झाली की चिरते. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ हवी. सारण गरम असेल तर ओल सुटते. पाकळ्या सारख्या अंतरावर, टोकाशी एकत्र. हे सगळे बोटांच्या शेंड्यांना माहीत असते, आणि ते यायला वर्षे लागतात. लेथवरच्या माणसाला याहून कमी बारकाव्यासाठी मी 'कुशल'ची श्रेणी मिळवून दिली आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले, त्यात हजार पाकक्रिया. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची; आईपासून दूर संसार मांडलेल्या किती मुलींना तिने हात दिला! या पुस्तकांनी जिनसांची मापे लिहून ठेवली, हे फार मोठे काम झाले. तासांचे माप लिहायचे काम माझ्यासारख्यांचे होते.

माझी वही एका घरची. सरकारने देशाची वही २०१९ साली केली. वेळेच्या वापराची ती पाहणी. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, करणाऱ्या पुरुषाचे ९७. आणि असे पुरुष मुळात शेकडा सव्वीसच. २०२४ सालच्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटे कमी झाली हे चांगलेच. पुरुषांचीही नऊ कमी झाली, हे मात्र मला समजत नाही.

कोणी म्हणेल, हा माणूस आईच्या मोदकालाही पगार लावायला निघाला. तसे नव्हे. आई पैशांसाठी करीत नव्हती, हे मला तुमच्याइतकेच माहीत आहे. माझ्या आजीने पाच मोदकांसाठी मोळी वाहिली ती मजुरीसाठी नव्हे. पण प्रेमाने केलेल्या कामाला वेळ लागत नाही आणि कंबर दुखत नाही, असा समज करून घेणे फार सोयीचे असते. आणि तोच समज पेठेत जाऊन किलोचा दर पाडतो. 'बाई घरीच तर असते, फावल्या वेळात लाटते' हे वाक्य मी व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि माझ्या संघटनेतल्या भावांच्या तोंडूनही. तो फावला वेळ मी मोजायला गेलो. कुठल्या दिवशी येतो ते सापडले नाही.

त्या पापडवाल्या बायकांचे पुढे काय झाले ते सांगून बसतो. माझ्या सभेनंतर दुसऱ्या वर्षी, आगोटीच्या ऐन तोंडावर, त्यांच्या आळीतल्या बायकांनी आठ दिवस पीठ उचलले नाही. पत्रक नाही, झेंडा नाही, घोषणा नाही. व्यापाऱ्याचा माणूस आला की प्रत्येक घरात एकच उत्तर : पाठ धरली आहे. नवव्या दिवशी किलोमागे दोन रुपये वाढले. मला ही बातमी दोन महिन्यांनी आईकडून कळली. आई त्यात होती. मी त्या आठ दिवसांत तीन वेळा घरी जेवून गेलो होतो, आणि तिने मला सांगितले नव्हते. का नाही सांगितलेस, असे विचारले तर म्हणाली, "तू मस्टर मागितलं असतंस."

माझी ती वही मी सोबत आणली आहे. तीत आता एका घराऐवजी अकरा घरांचे हिशेब आहेत. आगोटीचे दोन, घावन-घाटल्याचे तीन, एका इस्राएल आळीतल्या आजींनी सांगितलेला मलिद्याचा एक, बाकी मोदकांचे. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या खर्चाच्या वह्या असतील, वाण्याची खाती असतील, घिरट किंवा जाते कधी बंद झाले हे सांगणारी वडीलधारी बाई असेल, तर कृपा करून व्याख्यानमालेच्या कार्यालयात नाव देऊन ठेवा. मी घरी येऊन लिहून घेईन. फक्त येत्या पंधरवड्यात नको. त्यांचे पापड अजून उचलायचे आहेत.